वेळापत्रकाने गॅट्सबी श्रीमंत झाला नाही

सध्या एक पोस्ट फिरतेय: गॅट्सबीच्या भूमिकेत सूट घालून पेला उंचावलेला लिओनार्डो दिकाप्रिओ आणि खाली मजकूर: गरीब शेतकऱ्याचा पोरगा, वेळापत्रक आखून घाम गाळला, कोट्यधीश झाला. ‘द ग्रेट गॅट्सबी’ म्हणजे १९२०च्या दशकातल्या अमेरिकी आदर्शांचं गुणगान, कष्टाचं चीज होतं, त्या पिढीने पुस्तक डोक्यावर घेतलं, असा एकूण सूर. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची १९२५ सालची ही कादंबरी जेमतेम दोनशे पानांची आहे. फॉरवर्ड करण्याआधी वाचून होते.

वेळापत्रकाचं आधी बघू, कारण ते पुस्तकात खरंच आहे. काउबॉयच्या एका गोष्टीच्या पुस्तकामागे कोऱ्या पानावर पोरगेल्या जिमी गॅट्झने (हे गॅट्सबीचं मूळ नाव) १२ सप्टेंबर १९०६ अशी तारीख घालून लिहिलेलं. सहाला उठणे, मग डंबेल्स, विजेचा अभ्यास, साडेआठ ते साडेचार काम, संध्याकाळी वक्तृत्वाचा सराव. खाली संकल्प: तंबाखू बंद, एक दिवसाआड आंघोळ, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक. त्यातले पाच खोडून तीन केलेत. (ते गोष्टीचं पुस्तक प्रत्यक्षात निघालं १९१०मध्ये, ही फिट्झजेराल्डची गफलत.) दिवसाचं वेळापत्रक आखून स्वतःला घडवणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनचा कित्ता गिरवलाय, यात वाद नाही. पण वाचकाला हे पान दिसतं ते गॅट्सबीचा खून झाल्यावर, अंत्यविधीला आलेला बाप ते कौतुकाने दाखवतो तेव्हा.

मग पैसा आला कुठून? अमेरिकेत १९२०पासून दारूबंदी होती, मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळायची. म्हणजे आडोशाला दुकान उत्तम. गॅट्सबी आणि त्याचा गुन्हेगार भागीदार वूल्फशाइम यांनी अशी गल्लीबोळातली बरीच दुकानं घेऊन काउंटरवरून दारू विकली. प्लाझा हॉटेलातल्या भांडणात टॉम, म्हणजे गॅट्सबीच्या प्रेयसीचा नवरा, हेच बाहेर काढतो. शिवाय बाँडांचा काळा धंदा वेगळाच.

‘कष्टाचं चीज होतं’ म्हणावं, तर राखेच्या खोऱ्यात, म्हणजे राखेच्या ढिगांमधल्या उजाड वस्तीत, गॅरेज चालवणारा विल्सन राबतो आणि मातीत जातो. बापजाद्यांच्या पैशावर पोलो खेळणारा टॉम नामानिराळा राहतो. खुद्द गॅट्सबीला त्याचा तरुणपणीचा धनाढ्य आश्रयदाता डॅन कोडीने मरताना पंचवीस हजार डॉलर ठेवले होते. कायद्याच्या खाचाखोचांत त्यातला छदामही त्याला मिळाला नाही.

आणि त्या काळाचे आदर्श म्हणजे काय फक्त जॅझ आणि शॅम्पेन? पहिल्याच प्रकरणात टॉम जेवणाच्या टेबलावर गोऱ्या वंशाला धोका असल्याचं पुस्तकी ज्ञान पाजळतो. ही त्याची एकट्याची विकृती नव्हती. अमेरिकेत राहणारे भारतीय भगतसिंग थिंड यांना ‘गोरे’ ठरत नाहीत म्हणून अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं ते १९२३मध्ये, आणि १९२४च्या स्थलांतर कायद्याने जवळपास सगळ्या आशियाला दार बंद केलं. हाही त्या काळाचा ‘आदर्श’च, फिट्झजेराल्डने तो नेमका टॉमच्या तोंडी दिला.

‘त्या पिढीने पुस्तक डोक्यावर घेतलं’ हेही खोटं. ते लेखकाच्या आधीच्या कादंबऱ्यांइतकंही खपलं नाही. १९४०मध्ये तो वारला तेव्हा ते जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी काढलेल्या आवृत्तीच्या लाखाहून अधिक प्रतींनी त्याला हात दिला.

आता कुणी निकचा, म्हणजे कादंबरीच्या निवेदकाचा, दाखला देईल. शेवटच्या भेटीत तो गॅट्सबीला ओरडून सांगतोच की टॉमसारखी ती सगळी मंडळी एकत्र केली तरी तुझी सर यायची नाही. कौतुकच आहे ते. पण लगेच पुढे निकच सांगतो की आपण त्याला दिलेली ही एकमेव शाबासकी, कारण तो आपल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत नापसंत होता.