चित्राला रुंदी-उंची द्या हो!
बोट 'रद्द करा'वर टेकणार, इतक्यात वेबसाइटचं पान सरकतं आणि दाबलं जातं वरचं 'पैसे भरा'. का? तर वरच्या चित्राला रुंदी-उंचीच दिलेली नाही! आकार माहीत नसला की ब्राउझर चित्राला शून्य उंची धरून मजकूर मांडून मोकळा होतो, आणि फाइल आली की सगळं खाली ढकलतो.

२०१९च्या अखेरीपासून क्रोम आणि फायरफॉक्स रुंदी-उंचीच्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढून जागा आधीच राखून ठेवतात. पानाच्या कोडमध्ये चित्र टाकणाऱ्या इमेज टॅगमध्ये, समजा, विड्थ (रुंदी) १२००, हाइट (उंची) ८०० लिहा. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. बस्स, एवढंच! हाइट ऑटो विसरलात तर मोबाइलवर चित्र उभं ताणलं जातं, मग लोक वैतागून ते आकडेच काढून टाकतात. अहो, दुखणं एक आणि औषध भलतंच!

जाहिरातींचं तर विचारूच नका. त्या उशिरा येतात, पण तोवरच्या रिकाम्या डब्याला मिन-हाइट, म्हणजे किमान उंची, द्यायलाही कुणाला सवड नाही.

सीएलएस, म्हणजे पान किती सरकतं याचा आकडा, ०.१च्या आत हवा, असं गूगल सांगतं. आणि तो ऑफिसच्या वेगवान वायफायवर मोजू नका. डेव्हटूल्समध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तपासणीच्या साधनांत, कॅश (आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा) बंद करून, नेटवर्क मुद्दाम संथ करून बघा.