सरकारी मदत हवी? आधी वाडा पडू द्या

तुमच्या पणजोबांचा वाडा अजून उभा असेल, तर सरकारी मदतीच्या दृष्टीनं ती मोठीच अडचण आहे. उभ्या वास्तूला लागते डागडुजी. पावसाळ्याआधी कौलं शाकारायची, पन्हळ मोकळी करायची, तुळईला वाळवीचं औषध मारायचं. आता यात नारळ कुठे फोडणार? कौल बदललं म्हणून कोनशिला बसवता येते का? पडलेल्या वास्तूचं तसं नसतं. तिथं मंडप येतो, कुदळ येते, आराखडा येतो, आणि आराखड्याचं संगणकावर केलेलं चित्र वर्तमानपत्रात छापून येतं. त्या चित्रात झाडं हिरवीगार असतात आणि समोर एकही दुचाकी उभी नसते.

शनिवारवाड्याचं घ्या. पायाभरणी १० जानेवारी १७३० ची. १८२८ च्या आगीत आतला सगळा वाडा गेला, उरला तट, दरवाजे आणि जोती. तेव्हापासून आत शाकारण्यासारखं काही नाहीच. माणसं तिकीट काढून जोत्यांवर फिरतात आणि 'इथंच ते झालं' म्हणत बोट दाखवतात. तुमची दोन माडींची, चार चौकांची वास्तू या कमी खर्चाशी स्पर्धा कशी करणार?

भिडेवाड्याचं उदाहरण आणखी शिकण्यासारखं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती इथं. पुढे तिथं दुकानं होती, वाडा खचत होता, आणि प्रकरण कोर्टात. इतकी वर्षं त्याच्याकडे मान वर करून पाहणारा माणूस म्हणजे एकतर गणपतीच्या रांगेतला भाविक, नाहीतर वीट पडेल म्हणून घाबरलेला पादचारी. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागला, डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात वाडा उतरवला, आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारायचं ठरलं. शाळेच्या भिंतींना जे जमलं नाही, ते रिकाम्या प्लॉटनं करून दाखवलं.

तरीही वाडा उभाच ठेवायचा तुमचा हट्ट असेल, तर निदान मालक नीट निवडा. पुण्यात सोय चांगली आहे. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे (दरवाजाचं नाव दिल्ली दरवाजा ठेवणाऱ्यांची दूरदृष्टी बघा), चालत गेलात तर लागणारा विश्रामबागवाडा महापालिकेकडे, आणि बाजीराव रस्त्यानं थोडं पुढे केळकर संग्रहालय, ज्यात राज्य सरकार आहे. दुपारी जेवून निघालात तर चहाच्या वेळेपर्यंत तिन्ही ठिकाणी 'ते आमच्याकडे येत नाही' हे वाक्य ऐकून घरी परत येता येतं.

केंद्राच्या छत्राखाली मात्र तुम्ही स्वतः जाऊ नका, शेजाऱ्याला पाठवा. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी. म्हणजे शनिवारवाडा जपायचा म्हणून भोवतालचे वाडे पाडून नव्यानं बांधता येत नाहीत. ते आपोआप पडायची वाट पाहतात, खाली राहणाऱ्यांसकट. राज्याकडे १९६० चा कायदा आहे. त्यात आधी प्राथमिक अधिसूचना, मग हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम अधिसूचना. या दोन अधिसूचनांच्या मध्ये किती पावसाळे बसवायचे, यावर कायद्यानं बंधन घातलेलं नाही.

आणि समजा, दुर्दैवानं, निधी मंजूर झालाच. मग निविदा निघेल आणि सर्वांत कमी दराची लागेल. जुन्या भिंती चुन्याच्या. चुना घाण्यात मळायचा, मुरवायचा, वेळ द्यायचा. बदल्यात तो भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ओल आतच कोंडून ठेवतं, मग दगडाला खार फुटतो आणि पापुद्रे सुटतात. तुम्ही विचाराल, मग सिमेंट का? कारण ते गोणीत येतं, गोणी मोजता येते आणि मोजलेली गोणी बिलात लिहिता येते. मुरलेल्या चुन्याला रकाना कुठला?

संग्रहालय काढायचं मनात असेल तर कै. दिनकर केळकरांचा कित्ता गिरवा. चष्म्याचं दुकान, 'अज्ञातवासी' नावानं कविता, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी गावोगाव फिरून जमवलेले अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा त्यांनी उचलून आणला. हे सगळं त्यांनी सरकारच्या हवाली केलं, फुकट. वस्तू वीस हजारांवर, मांडलेल्या सुमारे अडीच हजार. बाकीच्यांनी दात्याचं टोपणनाव अंगी लावून घेतलं आहे.

पैसे हवेत म्हणून हात पसरायची मात्र गरज नाही. राज्यानं २००७ पासून 'महाराष्ट्र वैभव' योजनेत स्मारकं दत्तक द्यायला काढली आहेत. खर्च दत्तक घेणाऱ्याचा, स्मारक सरकारचं. इंग्रजांनी १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला होता. आपलं सरकार दत्तक मंजूर करतं आणि खालसा तुमचा खिसा होतो.

सगळ्यात खात्रीचा मार्ग मात्र परदेशाचा. माळ्यावर एखादं जुनं हत्यार असेल तर ते आधी लंडनला जाऊ द्या. वाघनखं जुलै २०२४ मध्ये तिथून साताऱ्याला आली तीही ३ वर्षांच्या बोलीवर, उसनी, तरी केवढा समारंभ झाला! तीच माळ्यावर राहिली असती तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या तराजूत गेली असती. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड. अभिनंदनाचे फलक किती लागले म्हणता! तेवढ्या कापडात राजगडावरच्या सगळ्या टाक्या झाकून झाल्या असत्या, पण तसला हिशेब करणं बरं नव्हे.

आमच्या वाड्याचं विचाराल, तर भाडं महिना १८ रुपये येत होतं आणि दुरुस्तीचा अंदाज कोणी देईना. शेवटी वाडा उतरवला. दिंडी दरवाज्यावरची गणेशपट्टी मी एका सरकारी संग्रहालयात फुकट द्यायला निघालो होतो. तिथल्या गृहस्थांनी अर्ज, मालकीचा पुरावा, वस्तूचे तीन बाजूंनी फोटो मागितले आणि 'साहेब आले की कळवतो' म्हणाले. सहा महिने पट्टी जिन्याखाली होती. मग जुन्या बाजारातला एक जण टेम्पो घेऊन आला आणि मोजून पैसे देऊन गेला.

परवा मेहुण्याच्या साठीला बाणेरच्या एका थाळीच्या हॉटेलात गेलो, तर गल्ल्याच्या वर आमचीच पट्टी. तेल लावलेली, वर पिवळा दिवा, वातानुकूलित हवा. वेटर म्हणाला, रोज सकाळी पुसतो, शेठची सक्त ताकीद आहे. मी ती बायकोला दाखवली. ती म्हणाली, आपल्याकडे असताना इतकी छान कधी दिसत नव्हती, आणि श्रीखंडाची वाटी पुढे केली.