वडापमधला अनुनाद

सांगलीहून तासगावला वडापच्या जीपनं जायचं तर माझ्या वाट्याला कायम मागची आडवी फळीच येते. पुढच्या सीटसाठी वेगळी पुण्याई लागत असावी. पुढं बसलेल्याला जो खड्डा नुसता ऐकू येतो, तो मागच्याच्या थेट मणक्यात उतरतो.

माधवनगर सोडलं आणि ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, “काका, चाळीस रुपयं मारा की.” पुढच्या सीटच्या पाठीला कोड चिकटवलेला. तो स्कॅन होईस्तोवर बुधगाव आलं.

मग रक्कम. मी बोट चारवर नेलं की खालून सात वर येई. एकाच गाडीत बसून माझं बोट आणि माझा फोन वेगवेगळ्या गावांना निघालेले. तीस वर्षं पोरांना अनुनाद शिकवला. आता तो अंगात आला होता. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण 5 हेलकावे मिळाले की भलतंच रंगात येतं. फळी हलते थोडी, खांदे नाचतात जास्त. त्यात चूक डोळ्यांना दिसून हात सावरायला 0.2 सेकंद तरी जातात. तेवढ्यात एक हेलकावा पुरा होतो आणि दुसरा दारात उभा. कृष्णेचं पाणी ओसरल्यावर सामान माळ्यावर चढवण्यातला प्रकार!

आणि तो पठ्ठ्या? कोपरं स्टिअरिंगवर टेकून तंबाखू मळत होता. चुन्याचा कण सांडेल तर शपथ. (हे कौतुक नव्हे, मी जीव मुठीत धरून बसलो होतो.) पण त्याला खड्डा आधी दिसतो, अंग आधीच सावध होतं. मला खड्डा बसल्यावर कळतो.

शेजारची आजी बराच वेळ बघत होती. “दोन हात कशाला नाचवतूस? धरलाईस त्याच हाताच्या अंगठ्यानं दाब. अन् कोपर पोटाला लाव.”

लावलं. अंगठा आणि फोन एकत्र हलायला लागले, म्हणजे एकमेकांपुरते थांबलेच. दोनदा चुकलेला पिन तिसऱ्यांदा पहिल्या दमात बसला. मी विजयी मुद्रेनं आजीकडं पाहिलं.

रक्कम तेवढी आजीच्या सल्ल्याआधीची होती.

पुढचा डबा खणखणीत बोलला, “चारशे चाळीस रुपये मिळाले.”

अख्खी जीप वळून बघायला लागली. ड्रायव्हरनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सोडली.

“दहा खेपा जमा झाल्या काका तुमच्या. आता पुढंच बसवतो.”