डिस्लेक्सिया हे इंग्रजी माध्यमाचं दुखणं नाही

शाळा सुरू झाल्या की मालवण-देवगडकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणे, डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला शिकताना कायम येणारी अडचण, इंग्रजीमुळे होतो. मराठी बोलतो तशीच लिहितो, म्हणून मुलाला मराठी शाळेत घाला, रोज दोन पानं शुद्धलेखन काढून घ्या, सुधारेल. आणि डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट म्हणजे मार्क मिळवायची पळवाट. मी इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांनी मराठीतून शिकावं असं मलाही मनापासून वाटतं, पण या कारणासाठी नाही.

आधी 'बोलतो तशीच लिहितो' हे बघू. 'आंबा' आणि 'बांगडा' मोठ्याने म्हणा. अनुस्वार एकच, पण आंब्यात तो म् होतो, बांगड्यात ङ्. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा. 'फूल' दीर्घ, 'फुलं' ऱ्हस्व, हे नुसतं ऐकून कळत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे अनेक दरी, दोन्हींत र वेगळा लिहायचा. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. माझ्या वर्गातला एक मुलगा 'किनारा' लिहायला सांगितलं की 'कनिरा' लिहायचा. वेलांटी आठवली, पण पुढच्या अक्षरावर गेली, आणि काना गळला. हाच मुलगा रापणीत आलेले मासे पेडव्यापासून सुरमईपर्यंत न चुकता ओळखायचा. त्याला कुणी 'मठ्ठ' म्हटलं की माझा संताप व्हायचा.

इंग्रजीपेक्षा मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं पुष्कळ सरळ आहे, हे खरं. अशा भाषांत चुका कमी होतात, पण वाचन संथ आणि अडखळतच राहतं, म्हणून अडचण उशिरा लक्षात येते. इटालियन तर मराठीहूनही सरळ. तरी २००१ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक वाचकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या त्याच भागात क्रिया कमी दिसली. आपल्याकडे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली, ती मराठीतही आहे.

आता दोन पानांचं शुद्धलेखन. बघून उतरवताना मूल अक्षराचं चित्र काढतं, आवाज कुठेच येत नाही. पन्नास वेळा उतरवलेला शब्द श्रुतलेखनात पुन्हा चुकतो आणि वर ओरडा बसतो. उपयोग होतो तो आवाज आणि अक्षर उघडपणे, रोज थोडं थोडं जोडून दिल्याने. 'किनारा' आधी टाळ्या वाजवत फोडायचा: कि, ना, रा. मग पुळणीवर ओल्या वाळूत बोटाने मोठं 'क' काढायचं, 'क्, इ' म्हणत वेलांटी द्यायची. एका आठवड्यात एकच गोष्ट. पहिली वेलांटी पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, आणि रफार, प्र, ट्र एकाच दिवशी तर मुळीच नाही. सगळ्या वर्गापुढे उभं करून वाचायलाही लावू नये.

पळवाटीचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट नोंदलेली आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच येतो. बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो तो हक्क म्हणून. लेखनिकाने उत्तरं द्यायची नसतात, मुलाने सांगितलेलं लिहायचं असतं.

मूल तिसरीत गेलं तरी साध्या वेलांट्या-उकारांशी अडत असेल, किंवा तोंडी सगळं सांगून वहीत काहीच उतरवत नसेल, तर सहामाहीची वाट बघू नका. वर्गशिक्षकांना भेटा आणि मराठीतून तपासणी कुठे होईल ते विचारा.