कूतमध्ये आपलीच माणसं होती

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला. त्या चार दिवसांत आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या मावसभावाने, आमच्या दादाने, लिहिलं, ‘युद्धाला कसले आलेत नियम? जिनिव्हा करार म्हणजे गोऱ्यांनी आपल्याला घातलेली वेसण.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. मी ‘असं नसतं रे दादा’ एवढंच लिहिलं. उत्तर आलं, ‘तू तिथे सुरक्षित बसून आम्हाला शहाणपण शिकवू नकोस.’ दुसरं वाक्य मनाला लागलं. राग मात्र पहिल्या वाक्याचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी चौदा वर्षं जिनिव्हात आहे. एका मदतसंस्थेच्या पुरवठा विभागात काम करते. रोज बसने आपिया थांब्यावरून जाते. लुई आपिया हा १८६३ मध्ये रेडक्रॉसची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या पाच जणांपैकी एक, पेशाने सर्जन. इथे त्याच्या नावाचा थांबा आहे आणि लोक तिथे उतरून कामाला जातात, एवढंच. आमच्याकडे युद्धाचे नियम ही चर्चा करायची गोष्ट नसते. औषधांचा ट्रक अडवला तर कुणाला कुठल्या कलमाची आठवण करून द्यायची, हे आमच्या फोनवर रोजचं बोलणं असतं.

दादाला मला पहिल्यांदा आठवण करून द्यायची आहे ती २७ फेब्रुवारी २०१९ची. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले, त्यांचे रक्ताळलेल्या चेहऱ्याचे व्हिडिओ फिरू लागले. त्या दिवशी याच ग्रुपवर याच दादाने तिसऱ्या जिनिव्हा कराराचं तेरावं कलम टाकलं होतं. युद्धकैद्याचा अपमान करायचा नाही, त्याला लोकांच्या बघ्या नजरेपुढे उभं करायचं नाही, असं ते कलम सांगतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही त्याच कराराचं नाव घेऊन निषेध केला होता. १ मार्चला ते परत आले तेव्हा मी इथे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. तेव्हा ही वेसण नव्हती. सहा वर्षांत ती वेसण कशी झाली?

आणि ‘गोऱ्यांनी घातलेली’ हे तर मला अजिबात मान्य नाही. पहिल्या महायुद्धात, २९ एप्रिल १९१६ ला, इराकमधल्या कूत इथे ब्रिटिशांची जी फौज तुर्कांना शरण गेली, तिचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. जवळपास पाच महिन्यांचा वेढा, उपासमार, आणि शेवटी सुमारे १३ हजार माणसं कैद. त्यांना वाळवंटातून पायी हाकललं गेलं. कित्येक हिंदी शिपायांना सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो जण परतले नाहीत. त्या काळी युद्धकैद्यांसाठी नियम होते, पण तोकडे. त्या महायुद्धातल्या कैद्यांचे हाल पाहूनच १९२९ मध्ये कैद्यांसाठी स्वतंत्र करार झाला, आणि तोच वाढवून १९४९चा तिसरा करार आला. म्हणजे तो करार ज्यांच्या हालांतून शिकून लिहिला गेला, त्यांत आपल्या मुलखातले शिपाई होते. तो त्यांचाही आहे. त्याला परका म्हणताना आपण त्या माणसांना दुसऱ्यांदा वाळवंटात सोडून देतो, असं मला वाटतं.

इथल्या रेडक्रॉस संग्रहालयात पहिल्या महायुद्धातली कार्डं ठेवली आहेत. त्या काळी जिनिव्हातल्याच ‘म्युझे रात’ नावाच्या कलासंग्रहालयाच्या इमारतीत बसून स्वयंसेवक, त्यांत पुष्कळ बायका, दोन्ही बाजूंकडून आलेल्या याद्यांवरून नावं उतरवून काढत. एकेका माणसाचं आडनाव, नाव, पलटण, कुठल्या यादीत सापडला त्याचा आकडा. लाखो कार्डं, पेट्यांमागून पेट्या. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते. बाकी सगळं ते बघतात, मी त्या कार्डांपुढेच उभी राहते. कोपरे मऊ झालेले असतात. एवढी बोटं त्यांवरून फिरली आहेत! प्रत्येक वेळी कुठल्या तरी घरी कुणी तरी ‘आमचा माणूस कुठे आहे’ विचारलं असणार.

कायद्याचं काम बहुतेक असंच असतं, न दिसणारं. रेडक्रॉसचा प्रतिनिधी तुरुंगात जातो, कैद्याशी एकट्याने बोलतो, नाव लिहून घेतो आणि काही दिवसांनी तेच नाव विचारत पुन्हा येतो. ज्याचं नाव लिहिलं गेलं त्याला नाहीसं करणं अवघड जातं.

दादा यावर लगेच म्हणेल, मग सौरभ कालियांचं काय? १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात कॅप्टन कालिया आणि त्यांच्यासोबतचे पाच जवान पकडले गेले आणि छळ सोसलेली त्यांची शवं परत आली. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि इथल्या कुणी मोठ्या माणसाने उत्तर असल्याचा आव आणला तर मला त्याचाही राग येतो. मी एवढंच म्हणू शकते की त्याच युद्धात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पकडले गेले आणि आठवडाभरात रेडक्रॉसच्या हाती सोपवले जाऊन घरी आले. एकाच वर्षी, एकाच शत्रूकडून. नियम पाळला गेला तर काय होतं आणि मोडला तर काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

इथल्या लोकांचं शहाणपणही मी निमूटपणे ऐकत नाही. जेवणाच्या टेबलावर कुणी ‘तुमच्या भागात हे नियम रुजायला वेळ लागेल’ म्हणालं की मी १९७१ काढते. सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपण सांभाळले, त्यांच्या छावण्या रेडक्रॉसला पाहू दिल्या आणि १९७४ पर्यंत त्यांना घरी पाठवलं. मग शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र सांगते. दाणा, गवत, भाजी रयतेकडून ओरबाडू नका, नाहीतर लोक म्हणतील मोगल आले त्याहून तुम्ही जास्त झालात. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताला आग लागेल. उंदराचा विचार करणारा सेनापती! त्या पत्रापुढे मला सोल्फेरिनो, म्हणजे ज्या लढाईतल्या जखमींचे हाल पाहून रेडक्रॉसची कल्पना निघाली ती १८५९ची लढाई, फार उशिराची वाटते. आणि ज्या शहराला स्वतःचा एवढा अभिमान आहे, त्याच शहरात १४ ऑक्टोबर १९४२ ला रेडक्रॉसच्या समितीने नाझींनी चालवलेल्या नागरिकांच्या हद्दपारीविरुद्ध जाहीर आवाहन करायचं नाही असं ठरवलं होतं. तेही मी सांगते. टेबल गप्प होतं.

पण त्या टेबलावर मी काय सांगत नाही, तेही लिहिते. भारताने १९४९चे करार मानले, १९६० मध्ये संसदेत त्यांचा कायदा केला. त्यांना जोडलेले १९७७चे दोन जादा प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, मात्र आजवर स्वीकारलेले नाहीत. भूसुरुंगबंदीच्या १९९७च्या करारातही आपण नाही. इथे संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर, नेशनच्या चौकात, ती तुटक्या पायाची बारा मीटर उंच खुर्ची उभी आहे, सुरुंगांनी पाय गेलेल्यांसाठी. तिच्याखालून जाताना कुणी सोबत असेल तर मी विषय बदलते. इथे मी आपल्या देशाची वकील असते आणि ग्रुपवर जिनिव्हाची. दोन्हीकडे अर्धंच बोलते. इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरून तीन वर्षं खणात पडला आहे. दर फेब्रुवारीत पहिल्या बुधवारी सायरनची चाचणी होते, तळघरातल्या निवाऱ्यात आम्ही स्की ठेवतो, आणि दादाच्या त्या ‘सुरक्षित बसून’ला माझ्याकडे खरंच काही उत्तर नसतं.

सुरक्षित बसूनही जे दिसतं ते मात्र मी पाहते. पूर्वी खोक्यांवर आणि गाड्यांवर संस्थेचं चिन्ह जितकं मोठं तितकं बरं, अशी आमची रीत होती. आता चालक विचारतात, थोडं लहान लावलं तर चालेल का? एका चालकाने फोनवर स्वच्छ सांगितलं, या चिन्हामुळे मी वाचेन की मलाच नेम धरतील, ते आधी सांगा. मी गप्प राहिले. २०२४ या एका वर्षात जगभरात ३८० हून जास्त मदतकर्मी मारले गेले, त्यांतले बहुसंख्य त्या-त्या देशातलेच. ‘नियम कसले’ हे वाक्य कुठल्या एका ग्रुपवरचं नाही. ते सगळीकडे म्हटलं जातंय, आणि माझ्या चालकाला ते ऐकू येतं.

दादाचा मुलगा, माझा भाचा, सैन्यात आहे. तो कुठे आहे हे त्या चार दिवसांत आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बातम्या आल्या की माझ्याही मनात पहिला प्रश्न ‘कुणाला लागलं’ हा येत नव्हता, ‘आपलं की त्यांचं’ हाच येत होता. चौदा वर्षं या कामात काढून.

तिसऱ्या रात्री दादाचा फोन आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. आवाज अगदी खाली. ‘अगं, समजा तो सापडला त्यांच्या हाती, तर तुमच्या तिकडे नाव कळतं का?’

मी सांगितलं. आडनाव, नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि लष्करी क्रमांक, एवढंच सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पकडल्यावर लगेच, नाहीतर छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत, त्याला घरी आणि जिनिव्हाला कार्ड लिहू द्यावं लागतं.

‘आठवड्याच्या आत?’

‘हो दादा. सत्तरावं कलम.’

‘थांब, पेन घेतो,’ दादा म्हणाला, आणि मग मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.