काकू, बाण वापरायचे नाहीत

रविवारी दुपारी साडेतीनला, ऐन नवतप्यात म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून एका चोवीस वर्षांच्या पोरानं माझ्या लॅपटॉपची बाणांची चारही बटणं बंद करून टाकली. वर दोन पेले पन्हं पिऊन गेला. आज बुधवार. मी ते मनावर घेतलेलं नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मागची हकिगत थोडक्यात सांगते. मी संख्याशास्त्र शिकवते. कॉलेजनं यंदा विकतच्या सॉफ्टवेअरचे पैसे भरले नाहीत. फुकटचं वापरा म्हणाले. फुकटचं म्हणजे आर, आकडेवारीचे प्रोग्राम लिहायची भाषा. लॅपटॉप म्हातारा, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आधीच होतं. राहिला प्रश्न, आर लिहायचं कशात? एडिटर म्हणजे काय, तर प्रोग्राम टाइप करायची वही. ती वही निवडायला मला तीन आठवडे लागले, आणि तोवर वहीत एक ओळ लिहून झाली नव्हती.

सगळं जग आरस्टुडिओ वापरतं, म्हणून मीही आधी तेच घातलं. चांगलं आहे, वाईट काही नाही. पण माझ्या लॅपटॉपची मेमरी 4 जीबी. त्यात आरस्टुडिओ, ब्राउझर आणि नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातले दहा वर्षांचे संत्र्याचे भाव असे तिघं एकदम मावेनात. त्यातून लिनक्सवाल्यांचा एक वेगळाच भोग असतो. आरची पॅकेजं विंडोज आणि मॅकवाल्यांना मूळ भांडारातून शिजवून मिळतात. आपल्याला शिधा मिळतो, चूल आपली. मी टायडीव्हर्स नावाचा पॅकेजांचा गठ्ठा चढवायला घेतला, तेव्हा बाहेर 45 डिग्री होतं. लॅपटॉपचा पंखा असा काही घोंघावायला लागला की सासूबाई आतून म्हणाल्या, "कुकर उतरव गं, शिट्टी होत नाहीये त्याची." पाऊण तासानं पडद्यावर आलं की अमुक एक लायब्ररी नाही, सबब काही झालेलं नाही. ती लायब्ररी घातली, तर दुसरी नाही. तिसऱ्या वेळेला लाइट गेली. बॅटरीनं कधीच मान टाकलेली, त्यामुळे लॅपटॉपही गेला, कूलरही गेला. मी आणि सासूबाई अंधारात घाम पुसत बसलो.

मग मी विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांना फोन केला. फोन करायला नको होता.

"ईमॅक्स," सर म्हणाले. नमस्कारसुद्धा पुरता होऊ दिला नाही. "ईमॅक्स घे, त्यात ईएसएस घाल. दुसरं काही बघू नकोस." ईमॅक्स हा एक जुना एडिटर, आणि ईएसएस म्हणजे ईमॅक्स स्पीक्स स्टॅटिस्टिक्स, त्याला आर शिकवणारी जोड. सरांनी फोनवरच धडा सुरू केला. जतन करायचं तर कंट्रोल दाबून एक्स, मग कंट्रोल दाबून एस. बाहेर पडायचं तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-सी. माझी करंगळी कंट्रोलवर आणि बाकीची बोटं परगावी. तेवढ्यात सर म्हणाले, "आता मेटा दाब."

"सर, मेटा नाहीये."

"असतं. नीट बघ."

मी चष्मा लावून सगळा कीबोर्ड वाचला. नाही. दहा मिनिटांनी सरांना आठवलं की मेटा म्हणजे आपलं ऑल्ट. कधीकाळी अमेरिकेत एमआयटीतल्या कीबोर्डांवर मेटा नावाचं बटण होतं. ते कीबोर्ड भंगारात गेले, बटणाचं नाव ईमॅक्समध्ये राहिलं.

ईमॅक्सची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. त्यात एक डॉक्टर आहे. मेटा-एक्स करून डॉक्टर असं लिहायचं, की एक मानसोपचारतज्ज्ञ हजर होतो आणि इंग्रजीत विचारतो, तुमची अडचण सांगा. जोसेफ वायझेनबाउम या एमआयटीच्या प्राध्यापकांनी 1966 मध्ये एलायझा नावाचा बोलका प्रोग्राम केला होता, त्याच वळणाचा हा. आपण काहीही म्हणा, तो त्याचाच प्रश्न करून परत देतो. मला एडिटर ठरवता येत नाही म्हटलं, तर का नाही म्हणतो. अर्धा तास बोलत बसले. सासूबाईंनी विचारलं, "कुणाशी चाललंय?"

"डॉक्टरशी."

"फी किती घेतो?"

"फुकट आहे."

"मग गुण यायचा नाही."

आला नाही. सरांच्या जुन्या सेटिंगमध्ये आणखी एक गंमत होती. आरमध्ये किंमत ठेवायची तर डावीकडे तोंड केलेला बाण काढावा लागतो, म्हणजे 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि त्याला चिकटून आडवी रेघ. सरांच्या सेटिंगमध्ये अंडरस्कोर दाबलं की हा अख्खा बाण एका फटक्यात उमटायचा. सर खूश. पण माझ्या रकान्याचं नाव होतं संत्रा अंडरस्कोर भाव. मी नाव लिहायला जायचे, आणि पडद्यावर हुकूम उमटायचा की संत्र्यात भाव टाक. दोनदा दाब, सर म्हणाले. एवढं सगळं होऊनही मी सरांवर चिडले नव्हते. चिडायचा मुहूर्त रविवारचा होता.

समोरच्या वहिनींचा धाकटा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सध्या घरूनच काम करतो, म्हणजे दुपारी झोपतो. आमची शिडी त्यांनी कूलरचं गवत बदलायला नेली होती, ती परत करायला आला. शिडी दाराशी टेकवली, घाम पुसला आणि माझ्या पडद्याकडे त्याची नजर गेली.

"काकू! तुम्ही माउस वापरून राहिल्या?"

एकादशीला सावजीच्या हॉटेलात कुणी भेटावं, तसा आवाज.

"वापरते बेटा. हात आहे, माउस आहे."

"कीबोर्डवरून हात उचलला की किती वेळ जातो, माहिती आहे?"

"किती?"

"दोन सेकंद."

"बरं."

"बरं काय काकू? दर वेळी दोन सेकंद. जोडा ना. त्यापेक्षा व्हिम एडिटर घ्या, सगळं कीबोर्डवरूनच होते."

जोडण्याचाच पगार घेते, म्हणून जोडलं. दिवसाला 200 वेळा हात उचलला तर 400 सेकंद. पावणेसात मिनिटंसुद्धा नाही. "आणि हे तुझं व्हिम शिकायला किती दिवस?"

"सहा महिने. रोज एक तास. मग लाइफटाइम फायदा."

म्हणजे 180 तास. भागिले 400 सेकंद. रविवार, पोळा, दिवाळी एकही सुट्टी न घेता 1620 दिवस. "बेटा, मी साडेचार वर्षांनी फायद्यात येणार. तोवर कॉलेज आणखी काहीतरी बंद करेल."

त्यानं हे ऐकलं नाही. "उठा काकू," म्हणाला. आणि मी उठले! बावीस वर्षं वर्गातल्या पोरांना उठवणारी बाई मी, स्वतःच्या खुर्चीतून उठले आणि त्याच्यासाठी पन्हं करायला गेले.

परत येते तर व्हिम उघडलेलं. पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. हे खरंच असतं. व्हिम लिहिणारे ब्राम मोलेनार यांनी प्रोग्राम फुकट दिला आणि बदल्यात एवढीच विनंती केली. ते 2023 मध्ये गेले. त्या भल्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

"टाइप करा काहीतरी."

मी सरासरीचं मीन टाइप केलं. एम, ई, ए, एन. पडद्यावर आलं फक्त एन.

"बाकीचे तीन कुठं गेले?"

"ते कमांड झाले. एम आणि ई मिळून तुम्ही इथं ई नावाची खूण केली, ए नं लिहायचा मोड सुरू झाला, मग एन लिहिल्या गेला." तो अगदी शांत. "उघडल्यावर लगेच लिहायचं नसते काकू."

"एडिटर आहे ना हा?"

"हो."

"मग उघडल्यावर माणूस करतो काय?"

"फिरतो."

"कुठं?"

"फाइलमधी. एच म्हणजे डावीकडं, जे खाली, के वर, एल उजवीकडं."

"त्याला बाण आहेत ना बेटा. चार आहेत. त्यांच्यावर दिशासुद्धा काढलेली आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन नातेवाइकांकडे बघतात ना, तसा. मग वळला, एक फाइल उघडली, खडखड चार ओळी लिहिल्या आणि म्हणाला, "आता नाहीत."

मी वरचा बाण दाबला. काही नाही. खालचा दाबला. काही नाही.

"चालू कर."

"सवय लागेपर्यंत नाही. काकू, बाण वापरायचे नाहीत."

"अरे पण माझे आहेत!"

"मलेबी सीनिअरनं असंच केलं होतं." उरलंसुरलं पुण्याचं 'करतोय' एका क्षणात उतरलं, आतून पोरगा अस्सल नागपूरचाच निघाला. "तवाच आलं मले. तुम्ही थँक्यू म्हणसान."

हे मला नीट कळलं. मला पाण्यात ढकललं म्हणून मी पोहायला शिकलो, तर आता तुम्हालाही ढकलतो. होस्टेलातली पोरं वरच्या वर्गात गेली की असंच बोलतात, आणि आम्ही मास्तर लोक त्याला रॅगिंग म्हणतो, समिती नेमतो. इथं समिती म्हणजे सासूबाई. त्या म्हणाल्या, "पन्हं अजून दे त्याला, गोड झालंय."

तो गेल्यावर मी शोधत बसले की हे एच-जे-के-एल आलं कुठून. बिल जॉय नावाच्या माणसानं बर्कलीला 1976 मध्ये व्हीआय लिहिलं, व्हिमचा तो पूर्वज. त्याच्याकडच्या टर्मिनलला, म्हणजे संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डाला, एडीएम-3ए त्याचं नाव, बाणांची वेगळी बटणंच नव्हती. बाण काढलेले होते एच, जे, के, एल याच अक्षरांवर. संपली गोष्ट. त्यात कुठलंही तत्त्वज्ञान नाही, बोटांचा योगाभ्यास नाही. त्या माणसाच्या कीबोर्डात एक उणीव होती, त्यानं भागवून घेतलं. आणि त्याच 1976 मध्ये, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि मंडळी एस नावाची भाषा करायला बसली. आर तिचंच पोर. त्या काळच्या काही कीबोर्डांवर डावीकडच्या बाणाचं एक अख्खं बटण होतं, म्हणून आरमध्ये अजून बाण. म्हणजे एकाकडे बाणांची बटणं नव्हती आणि दुसऱ्यांकडे होती, आणि दोघांचंही मी नागपूरच्या महाल भागातल्या घरात बसून निस्तरतेय. 1976 मध्ये आणखी एक जन्म झाला होता, याच वाड्यात. तिला कुणी विचारलं नाही तुझ्या कीबोर्डवर काय काय आहे. माझ्या कीबोर्डवर सगळं आहे हो! चार बाण आहेत. ऑल्टवर ऑल्ट लिहिलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, बाण त्या एका व्हिमपुरतेच बंद आहेत, उघडू नका व्हिम. बरोबर आहे. पण पाहुणा घरात येऊन एका खोलीला कुलूप घालून गेला, तर आपण बाकीच्या खोल्या मोजत बसतो का?

आणि मला खरा राग वेगळाच आहे. सरांनी विचारलं नाही, धाकट्यानं विचारलं नाही, की तुम्ही करून काय राहिल्या. कशात करता एवढंच. तिसऱ्या वर्षाच्या सहा मुली आहेत, सगळ्या काटोल-नरखेडकडच्या, घरी संत्र्याच्या बागा. त्यांना बघायचंय की आंबिया बहार आणि मृग बहार या संत्र्याच्या दोन हंगामांच्या भावात दहा वर्षांत काय फरक पडला. एवढं साधं काम. त्यांनी रकान्यांची नावं हौसेनं मराठीत लिहिली आहेत, आणि टर्मिनलच्या खिडकीत मृगचा ऋकार म सोडून कुठंतरी हवेत लोंबकळतो, संत्राचा त्र फाटतो. यावर या दोघांपैकी एकाकडे सेटिंग नाही. सर म्हणाले, इंग्रजीत लिहा. धाकटा म्हणाला, "इंग्लिशमधे लिहा ना काकू, फास्ट होते." यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक इथूनच जाईल, तेव्हा मी गॅलरीतून ओरडणार आहे, व्हिमचे फिरायचे-लिहायचे सगळे मोड घेऊन जा गे मारबत!

काल रात्री ती फाइल शोधली. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या फायली लिनक्स लपवून ठेवतं. कंट्रोल-एच दाबलं की दिसतात. पुन्हा एच, पण हा एच निदान उपयोगाचा. लिनक्सबरोबर फुकट येतो तो साधा टेक्स्ट एडिटर, ज्याची शिफारस आजवर मला एकाही माणसानं केली नाही, त्यात ती उघडली. वर एक ओळ रोमन अक्षरांत होती, 'काकूंसाठी, काढू नये'. खाली चार ओळी. माउसनं निवडल्या. हात उचलला, दोन सेकंद गेले. डिलीट केलं. मग त्याच साध्या एडिटरात मुलींचा प्रोग्राम लिहिला, मृगच्या ऋकारासकट, आणि शेजारच्या खिडकीत आरला दिला. चाळीस ओळी, पाऊण तास.

आज सकाळी वहिनी समोरच्या गॅलरीतून म्हणाल्या, "काय मग, शिकल्या का? धाकटा सांगून राहिला होता, काकूंची बोटं चांगली आहेत म्हणे."

"हो ना," मी म्हटलं. "छान शिकवलं त्यानं."

शिडी मात्र त्यांच्याच गॅलरीत दिसली. रविवारी जाताना तो ती परत घेऊन गेला होता.