काल काय ऐकलंत?

कोकणात सकाळी भेटलेल्या माणसाला काय विचारायचं ते ठरलेलं आहे. पाऊस काय म्हणतो, मोहोर धरलाय काय, आगरात वांदर आले होते काय. आणि माणूस मुंबईचा असेल तर, परत कधी? एवढ्या चार प्रश्नांवर उरलेलं आयुष्य सुखात जाईल, अशा हिशेबाने मी नोकरी सोडून गुहागरच्या बाजूला वडिलांच्या घरी राहायला आलो. आमच्या आळीत एक पाचवा प्रश्न आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चिपळूणहून पेपर आणणारी एसटी साडेसातला येते, म्हणजे आठला, म्हणजे पावणेनऊला. तोवर आप्पांच्या ओटीवर चार माणसं चहाला जमतात. पहिल्या दिवशी मी पायरीवर चपला काढतोय तोच आप्पांनी झोपाळ्यावरून विचारलं, "या, बसा. काल काय ऐकलंत?"

मी म्हटलं, "हेच, खालच्या आळीत पाट अडवला म्हणून जुंपली म्हणतात."

ओटीवर शांतता पसरली. झोपाळ्याची कडी तेवढी करकरली. भाऊ हळूच म्हणाले, "तसं नव्हे हो. गाण्यातलं."

गाण्यातलं मला अगदीच काही कळत नाही असं नाही. गणपतीत पेटीवर बसणाऱ्या काकांना मी पुष्कळ वर्षं पानं उलटून दिलेली आहेत. मी ठोकून दिलं, "यमन."

"कुणाचा?"

"भीमसेनजींचा."

"कधी ऐकलात?"

"हा काय आत्ताच. आंघोळीच्या आधी."

गाण्याच्या बाईंनी कप खाली ठेवला. "सकाळी सातला यमन? संध्याकाळचा राग?" त्यांनी ज्या आवाजात हे विचारलं, त्या आवाजात आमच्याकडे 'संकष्टीला बांगडा?' असं विचारतात.

माझा छळ त्या दिवसापासून सुरू झाला. पुढे बोलण्याआधी छळणाऱ्यांची ओळख करून देतो. आप्पा गिरगावात बँकेत होते. तिथून येताना त्यांनी फर्निचर सगळं विकलं आणि गाण्याच्या एलपी तबकड्या तेवढ्या आणल्या. त्या शिसवी कपाटात कापूर घालून ठेवलेल्या असतात आणि कपाटाची किल्ली जानव्याला. भाऊ शाळेतून निवृत्त. त्यांचा धर्म कॅसेटचा. डॉक्टर आमच्यात तरुण, म्हणजे पंचेचाळीसचे. त्यांचं सगळं गाणं मोबाईलमध्ये आणि कानावरचा हेडफोन माझ्या स्कूटरपेक्षा महाग. आणि गाण्याच्या बाई. त्यांनी गावातल्या तीन पिढ्यांना अलंकार घोटवलेत. त्या स्वतः काय ऐकतात ते कधीच सांगत नाहीत. त्या फक्त प्रश्न विचारतात.

कोकणात संगीत साठवणं हा मुळात हवामानाशी झगडा आहे. मिठागराच्या हवेत माणसाला टिकवणं कठीण, तिथे कॅसेट काय टिकणार? जूनमध्ये ठेवलेली कॅसेट ऑक्टोबरात काढली की फितीवर पांढरी बुरशी. म्हणून भाऊ मे महिन्यात वाळवणं घालतात: एका खाटेवर आमसुलं, दुसरीवर फणसाची साठं, आणि खाटेखाली सावलीत ओळीने दीडशे कॅसेट. उन्हात घातल्या तर फीत ताणते, म्हणून सावली. कावळे हाकायला नातवाला बसवतात. त्यामुळे भाऊंच्या वसंतराव देशपांड्यांना आमसुलाचा वास येतो, आणि तो मारव्याला शोभतो असं खुद्द भाऊंचं मत आहे.

त्यांचा टेपरेकॉर्डर सेलवर चालतो. सेल उतरले की मोटर मंदावते, मोटर मंदावली की पट्टी उतरते, आणि पेटीच्या काळी एकमध्ये सुरू झालेलं गाणं शेवटच्या जलद द्रुतापर्यंत पांढरी सातच्याही खाली जातं. भाऊंना हे पटत नाही. "आवाज तापला की खाली भरतो तो असा," असं ते म्हणतात.

आता नियम. नुसतं गायकाचं नाव आणि राग सांगून भागत नाही. 'किशोरीताईंचा भूप' म्हणालात की चौघेही तुमच्याकडे दयेने बघतात. 'सहेला रे' काय, रिक्षावाल्याकडेही असतं! बाजारात मिळणारी रेकॉर्ड ही सर्वात खालची पायरी. तिच्या वर रेडिओवरून भरून घेतलेली. तिच्या वर कुणाच्या तरी दिवाणखान्यातली खाजगी बैठक. आणि सगळ्यांच्या वर अशी बैठक, की जिची टेप दुसऱ्या कुणाकडेच नाही आणि जी ऐकूच येत नाही. आप्पांकडे असं एक रत्न आहे. त्यात गायक लांब, तंबोरा जवळ आणि त्याहून जवळ पानाचा डबा उघडझाक करणारे एक गृहस्थ. मधेच कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी होते. "बरोब्बर समेवर!" असं म्हणून आप्पा दर वेळी मांडीवर थाप मारतात. मला त्या अख्ख्या बैठकीत ओळखू आलेली सम ती एवढीच.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताच त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत: 'माय नेम इज गौहर जान.' तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून ही तजवीज. हे आप्पांनीच मला सांगितलं. काय वाजतंय ते सांगण्याचा प्रकार गौहरबाईंनी एका वाक्यात उरकला होता, आमच्या ओटीवर त्यालाच पाऊण तास लागतो, असं मला म्हणायचं होतं. पण चहा आप्पांच्या घरचा होता.

मग मी रोज रात्री जेवणानंतर गृहपाठ करू लागलो. पद्धत अशी, की विलंबिताची, म्हणजे सुरुवातीच्या संथ भागाची, पहिली दोन मिनिटं ऐकायची, मग बोटाने पुढे सरकवून द्रुताचं एक मिनिट, आणि मग कव्हरवरची माहिती पाठ. सकाळी सांगायला एवढं पुरतं. बायको एक दिवस म्हणाली, "कुणाकुणाचं काय ऐकलंत ते सगळ्या गावाला सांगता. माझं काय ऐकलंत ते एकदा सांगा." हा प्रश्न ओटीवरच्या चौघांपेक्षा कठीण निघाला.

या पद्धतीने आठ-दहा दिवस बरे गेले. मग मारवा आडवा आला. अमीर खाँसाहेबांची १९६० ची एलपी. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. आपण आता नियम शिकलो म्हणून मी वेळही नीट साधली. मारवा संधिप्रकाशाचा, म्हणजे आमच्याकडे डासांचा. दारं ओढून घेतली, नारळाच्या सोडणाचा धूर केला, 'पिया मोरे अनत देस' लावलं आणि डोळे मिटले. ते उघडले तेव्हा दरबारीही संपला होता आणि धुराने मांजर शिंकत होतं.

सकाळी मी मान हलवत म्हटलं, "काल खाँसाहेबांचा मारवा ऐकला. काय पंचम लागलाय हो त्यांचा!"

बाईंनी विचारलं, "काय लागलाय?"

"पंचम."

"मारव्यात पंचम हा सूरच नसतो."

मी सावरून घेतलं, "मग पूरिया असेल."

"पूरियातही नसतो."

"सोहनी?"

"तिच्यातही नाही." आणि मग, घोटवून घेण्याच्या जुन्या सवयीने, "तिघांचे सूर तेच. मारवा रिषभ-धैवतावर राहतो, पूरिया गंधार-निषादावर, सोहनी वरच्या मजल्यावर. पंचम तिघांच्याही घरात नाही. तुम्हाला कुठे भेटला?"

मी पेपर आला का बघायला एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो. त्या दिवशी रविवार होता आणि ती गाडी रविवारी नसते.

सूड म्हणून नव्हे, पण एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. बाकीचे तरी कुठे ऐकत होते? डॉक्टर एका रात्रीत चार तासांचं गाणं ऐकल्याचं सांगत, आणि रात्री साडेदहाला त्यांच्या खिडकीतून घोरणं ऐकू येई. भाऊ कॅसेटपेक्षा पेन्सिलीने फीत गुंडाळण्यात जास्त रमत. आप्पा तर एलपी काढत, मऊ फडक्याने पुसत, दिव्यासमोर तिरकी धरून ओरखडे बघत आणि परत कव्हरात सरकवत. त्यातच त्यांची रात्र रंगे.

केसरबाईंवरून एकदा ठिणगी पडली. केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या, म्हणजे किनाऱ्याच्या नात्याने आमच्याच. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसवून अंतराळात पाठवली. जेमतेम साडेतीन मिनिटांची. डॉक्टर म्हणाले, "ती मी काल ऐकली. ती दोन्ही यानं आता आंतरतारकीय अवकाशात गेलीत, आप्पा!" आप्पांच्या कपाटात ती नव्हती. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "ती तबकडी किती वेगाची?" डॉक्टरांनी मोबाईलमध्ये बघून सांगितलं, मिनिटाला १६⅔ फेरे. "हात्तिच्या! म्हणजे तिथल्या कुणी नेहमीच्या एलपीसारखी ३३⅓ वर लावली तर? सगळं दुप्पट. बाई अख्ख्या सप्तकाने वर!" पुढे तीन दिवस ओटीवर परग्रहवासीयांच्या बेपर्वाईबद्दल चिंता चालली होती. भैरवी तिथे कितव्या प्रहरी लावतील, हाही मुद्दा निघाला. सूर्योदय नसलेल्या ठिकाणी भैरवी धाडणाऱ्यांना काही पाचपोच नाही, असं भाऊंचं म्हणणं पडलं.

मग जून आला. दुसऱ्याच आठवड्यात रात्री असा वारा सुटला की आमच्या आगरातले तीन माड आणि त्यांच्यासोबत विजेची तार आडवी झाली. डीपी उडाली. वायरमन म्हणाला, बघू. आमच्याकडे वायरमन 'बघू' म्हणाला की मेणबत्त्या डझनाने घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी मोबाईलचा टॉवर गेला, मग एकेक करून मोबाईल गेले. भाऊंचे सेल संपले आणि दुकानात होते ते त्यांच्याहून म्हातारे निघाले.

तिसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी ओटीवर जमलो, ते केवळ चुलीवरच्या चहासाठी. मला आतून बरं वाटत होतं. आज कुणी काही विचारणार नव्हतं.

आप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "काल केसरबाई ऐकल्या. मालकंस."

"कशावर?" डॉक्टर जवळजवळ ओरडले.

"कशावर म्हणजे? पडल्या पडल्या. मनात."

मला वाटलं, आता हसतील. पण भाऊंनी गंभीरपणे विचारलं, "७८ फेऱ्यांची तबकडी की एलपीवर घेतलेली?"

"७८ ची. खरखर आली ना."

"खरखर काढून ऐकायची," डॉक्टर म्हणाले.

"काढली तर केसरबाई राहतील, माझी रेकॉर्ड नाही राहणार," आप्पा म्हणाले.

भाऊंनी मग स्वतःचं सांगितलं. त्यांनी मनात वसंतरावांची कॅसेट लावली होती. एक बाजू संपली. ती नेहमी तान अर्ध्यात असताना संपते. सवयीने ते अंधारात उलटी करायला उठले आणि पाट्याला ठेचकाळले. अंगठ्याला पट्टी होती, त्यामुळे शंका घेता येईना.

"तुम्ही?" बाईंनी माझ्याकडे बघितलं.

खरं सांगायचं तर मी काहीच ठरवलं नव्हतं. मोबाईल मेलेला, कौलांवरून पागोळ्या पडतायत, बायको शेजारी पुठ्ठ्याने वारा घेतेय. पुढे सरकवायला बोटाखाली काही नव्हतं आणि किती मिनिटं उरलीत तेही दिसत नव्हतं. 'पिया मोरे अनत देस' कुठून तरी सुरू झालं आणि जाईचना. एकाच सुरावर माणूस किती वेळ उभा राहतो, हे मला तेव्हा कळलं. झोप नेहमी ज्या ठिकाणी लागते ते ठिकाण मागे गेलं. पुढचं मी कधी ऐकलं होतं कोण जाणे. झोपेत कानावर पडलं असणार. बायको मधेच म्हणाली, "गुणगुणताय काय?" मी नाही म्हटलं.

"मारवा," मी म्हणालो. "खाँसाहेबांचा."

"पंचम होता?"

"नव्हता."

बाईंनी मान डोलावली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच.

आप्पांनी झोपाळा पायाने थांबवला. "पट्टी कुठली होती? सा लावून दाखवा बघू."

मी डोळे मिटून, रात्री जसा होता तसा, सा लावला. आप्पांनी कान पुढे केला, बोट वर धरलं, बराच वेळ ऐकलं आणि बोट हळूहळू खाली आणलं.

"अर्ध्या सुराने उतरलंय."

भाऊ म्हणाले, "सेल गेले असतील."